दीड एकर विकून लेकीला फिजिओथेरपीला घालावं का?

घाटंजी तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. नागपूरच्या एका खासगी कॉलेजनं बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, मॅनेजमेंट सीटसाठी वर्षाला दोन लाख सांगितलेत. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. दीड एकर विकून फी भरायचा विचार आहे. त्यांचे प्रश्न तीन: लागलेला पैसा निघेल का, ती किती कमावेल, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर हे शिक्षण वाया जाईल का.

भाऊ, मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी बऱ्याच वर्षांपासून क्लिनिक चालवते. त्याआधी नागपुरात हॉस्पिटलची नोकरी आणि सरकारी कंत्राट, दोन्ही केलंय. म्हणून आधी थेट उत्तर देते आणि मग हिशेब मांडते. ही डिग्री चांगली आहे, आपल्या भागाला तिची नितांत गरज आहे, आणि ती पैसाही देते. पण मॅनेजमेंटच्या सीटसाठी वावर विकू नका. हीच डिग्री एका वाटेनं तेरा लाखाला पडते आणि दुसऱ्या वाटेनं पाच लाखाला. हातात कागद एकच येतो, कमाईही सारखीच होते. फरक पडतो तो डोक्यावर किती कर्ज घेऊन मुलगी सुरुवात करते याचा, आणि आपल्यासारख्या भागात सुरुवातीची तीन वर्षं तोच फरक तारतो नाहीतर बुडवतो.

खर्च बघा. बीपीटीएच आजवर साडेचार वर्षांचं होतं, चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. सहायक आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगानं २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रम काढला, त्यात पाच वर्षं धरलीत आणि इंटर्नशिप पूर्ण एक वर्षाची. तुम्ही पाच वर्षांचाच हिशेब करा. दोन लाखांप्रमाणे चार वर्षांची फी आठ लाख. होस्टेल आणि मेस मिळून नागपुरात वर्षाला ऐंशी-नव्वद हजार कुठं गेले नाहीत, म्हणजे पाच वर्षांचे चार-साडेचार लाख. वर पुस्तकं, परीक्षा फी, डिपॉझिट, एप्रन, सणावाराचं जाणं-येणं यांचे पन्नास-साठ हजार. झाले तेरा लाख. इंटर्नशिपच्या वर्षाची फी कॉलेज घेतं का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. खासगी कॉलेजात इंटर्नला मिळणारं विद्यावेतन बहुतेक ठिकाणी नावापुरतंच असतं, त्यामुळे त्या वर्षाचा खर्चही घरूनच जातो.

आता दुसरी वाट. महाराष्ट्रात बीपीटीएच, बीओटी, बीएएसएलपी, बीपीओ (या शेवटच्या तिन्हींबद्दल पुढं सांगते) या सगळ्यांचे प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्य सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतात. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात बीपीटीएचही आहे आणि बीओटीही. तिथली फी खासगीच्या तुलनेत किरकोळ आहे. जागा थोड्या, चुरस मोठी, पण पहिली पसंती तीच टाका. त्याखाली खासगी कॉलेजातल्या कॅपच्या जागा. इथं एक गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची आहे, नीट वाचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीची आणि फीमाफीची वेगळी सोय आधीपासून आहे.

पण ही माफी कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट किंवा संस्थास्तरावरच्या जागेला मिळत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही त्यातून वगळलेली आहेत. तुम्हाला ज्यानं दोन लाख सांगितले त्यानं हे सांगितलं नसणार, कारण त्याला ती सीट भरायची आहे. कॅपमध्ये थोडं लांबचं कॉलेज लागलं, नागपूरऐवजी नाशिक किंवा संभाजीनगर लागलं, तरी फीच वाचत असेल तर लांबचं कॉलेज स्वस्त पडतं. मुलगी दूर जाईल म्हणून आई काळजी करेल, ते मी समजू शकते. पण त्या काळजीची किंमत आठ लाख होते.

राहण्या-जेवणाचा खर्च माफीत येत नाही. त्याला वेगळ्या योजना आहेत: अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम. पैसे वेळेवर येतील या भरवशावर मेसवाल्याला शब्द देऊ नका. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, पैसे उशिरा येतात, कधी पुढच्या वर्षावर जातात. पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी ठेवूनच पाठवा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, डोमिसाइल हे कागद कॅपच्या आधी हातात पाहिजेत. जातवैधतेच्या एका कागदापायी आरक्षणातली जागा हातची गेलेली लेकरं मी पाहिली आहेत. दरवर्षी पाहते. बारावीच्या वर्षातच तो अर्ज टाकायचा असतो. तुमचा अजून राहिला असेल तर हे उत्तर पुढं वाचायच्या आधी तो टाका.

कर्जाचं बोलू. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण आलं. कोर्स चालू असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं, हे गावाकडं फार कमी लोकांना कुणी समजावून सांगतं. दहा टक्के व्याज धरा. दरवर्षी एक लाख असं चार वर्षांत चार लाख उचललं, तर सहाव्या वर्षाअखेर हप्ता सुरू होताना अंगावर पाच लाख ऐंशी हजार असतात. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता साडेसात हजारांच्या थोडा वर. हेच आठ लाख उचलले तर हप्ता सुरू होताना अकरा लाख साठ हजार, आणि महिन्याला पंधरा हजारांच्या वर. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर कोर्सच्या काळातलं व्याज भरणारी केंद्राची योजना आहे. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करतानाच बँकेला त्याबद्दल विचारा, नंतर कुणी सांगत नाही.

आता हा पंधरा हजारांचा हप्ता पहिल्या पगाराशेजारी ठेवून बघा. नागपुरातल्या खासगी हॉस्पिटलात नव्या बीपीटीएचला पंधरा ते वीस हजार देतात. तालुक्याच्या हाडाच्या डॉक्टरकडं लागली तर दहा-बारा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी जागा निघतात, मानधन वीस हजारांच्या आसपास, अकरा महिन्यांची ऑर्डर आणि दरवर्षी नव्यानं धाकधूक. कायम सरकारी जागा अगदी थोड्या, जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही. नागपुरात खोलीभाडं आणि जेवण जाऊन नव्या मुलीच्या हातात सात-आठ हजार उरतात. त्यातून पंधरा हजारांचा हप्ता कसा जाणार? तो तुम्हीच भरणार, कापसाच्या चुकाऱ्यातून. एक वर्ष बोंडअळी आली की थकणार.

म्हणून माझं मत ठाम आहे. शिक्षण संपेपर्यंत उचललेलं एकूण कर्ज चार लाख, फार तर पाच लाख, याच्या आत राहत असेल तर बिनधास्त घाला. त्याच्या वर जात असेल तर थांबा आणि दुसरा मार्ग बघा. आणि जमीन विकण्याचं तर बोलूच नका. कर्ज दहा वर्षांत फिटतं, विकलेलं वावर परत येत नाही. सातबारा हातात असला तर उद्या मुलीच्या क्लिनिकलाही त्याचाच आधार होतो.

हे वाचून तुम्ही म्हणाल, पगार इतका कमी तर मग डिग्री चांगली कशी? पगारावर बघाल तर ती डोळ्यात भरत नाही, खरं आहे. या शिक्षणाचा पैसा स्वतःच्या कामात आहे आणि आपल्यासारख्या तालुक्यांत ते काम पडून आहे, करणारं कुणी नाही.

लकव्याचंच घ्या. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात 'सर्च' संस्थेनं गावोगावचे मृत्यू नोंदवून अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं. जे वाचतात ते खाटेवर पडून राहतात. बीपीची गोळी बंद केलेली, किंवा बीपी आहे हेच माहीत नसलेली माणसं. हातापायांत ताकद परत येण्याचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, आणि नेमके तेच महिने आपल्याकडं लकव्याचं औषध देणाऱ्यांच्या दारात जातात. सहा महिन्यांनी खांदा आखडलेला, पाऊल वाकडं झालेलं, पाठीला जखम अशा अवस्थेत माणूस आमच्याकडं येतो.

सिकलसेलचं घ्या, रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. पूर्व विदर्भात आणि आपल्याही भागात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि विशी-पंचविशीतली पोरं लंगडू लागतात. अशा पेशंटला बर्फाचा शेक द्यायचा नसतो, थंडीनं रक्तवाहिन्या आकसून त्याचा झटका येऊ शकतो. मोठ्या शहरात शिकलेल्या नव्या मुलांना हे पुस्तकात वाचलेलं असतं, हाताखालून गेलेलं नसतं. इथल्या मुलीनं ते घरात, शेजारी पाहिलेलं असतं. मग ट्रॅक्टर आणि मोटरसायकलचे अपघात, प्लास्टर निघाल्यावर न वळणारे गुडघे. निंदणाला दिवसभर ओणवं राहणाऱ्या आणि वेचणीला कापसाची ओटी बांधून फिरणाऱ्या बायांच्या कमरा. जन्मतः मेंदूला इजा झालेली लेकरं. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे वाकडे झालेले हात. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं अमरावतीचं तपोवन १९४६ चं, वरोऱ्याचं आनंदवन १९४९ चं, म्हणजे पुनर्वसन हा विषय विदर्भाला नवा नाही. मोठ्या संस्थांनी तो उभा केला. तालुक्या-तालुक्यात बसून रोज ते काम करणारे हात मात्र अजून मोजकेच आहेत.

एक पेशंट सांगते, म्हणजे कामही कळेल आणि पैसाही. आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या गावात साठीचे एक शेतकरी, उजव्या बाजूचा लकवा. सून आली न्यायला. घरी गेले तर माणूस बाजेवर, आणि बाज मधोमध इतकी खोल गेलेली की कूस बदलणंच अशक्य. पहिल्या दिवशी मी व्यायाम घेतलाच नाही. मुलाला सुताराकडून फळी आणायला लावली, ती बाजेवर टाकून वर गादी घातली. भिंतीकडची लुळी बाजू दरवाजाकडं फिरवली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघायला मान त्या बाजूला वळेल. पायाखाली विटांचा थर, म्हणजे बसल्यावर तळवा जमिनीला टेकेल. आंघोळीच्या दगडाशेजारी भिंतीत लोखंडी गज ठोकून घेतला, धरायला. सुनेला शिकवलं की उठवताना खांद्याला किंवा काखेत धरून ओढायचं नाही, कमरेला पंचा बांधून तो धरायचा. मग पुढं दीड महिना बसणं, उठणं, वजन घेणं, चालणं. त्यांना एकच सांगायचं होतं, पोळ्याला बैलापुढं उभं राहायचंय. उभे राहिले, काठी घेऊन.

व्हिजिटला मी तीनशे घेत होते. पहिल्या पंधरवड्याचे रोख मिळाले. उरलेले कापूस विकल्यावर, डिसेंबरात, मुलगा स्वतः आणून देऊन गेला. सुनेला सगळं शिकवल्यामुळं माझ्या व्हिजिटा लवकर कमी झाल्या, तेवढं उत्पन्न गेलं. पण त्या एका घरावरून त्याच गावातून आणि शेजारच्या गावातून पेशंट येत राहिले, आजही येतात. आपल्याकडं जाहिरात अशीच होते.

आता क्लिनिकचा हिशेब, माझ्या भागातल्या दरानं. क्लिनिकमध्ये एका बैठकीचे दीडशे, घरी जाऊन तीनशे. जम बसलेल्या क्लिनिकात रोज दहा पेशंट आणि तीन व्हिजिटा धरा, महिन्याचे पंचवीस दिवस. क्लिनिकचे साडेसदतीस हजार, व्हिजिटांचे साडेबावीस हजार, मिळून साठ हजार. त्यातून गाळ्याचं भाडं सहा, मदतीला मुलगी सात, पेट्रोल चार, वीज दोन. हातात चाळीस हजारांच्या आसपास. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात राहून. नागपुरातले पस्तीस-चाळीस हजार आणि तालुक्यातले चाळीस हजार यांत काय फरक आहे ते तुम्हाला सांगायला नको.

पण हा आकडा तिसऱ्या वर्षाचा आहे, पहिल्या महिन्याचा नाही. पहिले सहा महिने दिवसाला दोन-तीन पेशंट. पहिलं वर्ष भाडं सुटलं तरी खूप. आणि वर्ष सपाट नसतं. पेरणीच्या दिवसांत, जून-जुलैत, क्लिनिक ओस पडतं, कमर मोडली तरी बाई वावरात जाते. दिवाळीनंतर वेचणीत पुन्हा तेच. पैसा येतो तो कापूस-सोयाबीन विकल्यावर, आणि मधल्या काळात उधारीची वही भरत जाते. सहा महिने उत्पन्न आलं नाही तरी हप्ता जाईल एवढी तजवीज ज्या घरात आहे, त्या घरच्या मुलीनं स्वतःचं क्लिनिक टाकावं. नाहीतर आधी दोन वर्षं नोकरी. खरं तर मी सगळ्यांनाच दोन वर्षं नोकरी करा म्हणते. मोठ्या हॉस्पिटलात, जिथं आयसीयू आहे, मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात, सांधे बदलतात. पगार कमी असला तरी हात तिथं तयार होतात. गावी आल्यावर विचारायला शेजारी कुणी सिनियर नसतो.

भांडवलाची फार धास्ती घेऊ नका. एक-दोन उपचारटेबलं, आयएफटी आणि टेन्सचं (दुखणं कमी करणारं करंटचं) मशीन, अल्ट्रासाउंड, शेकाच्या पिशव्या, डंबेल, खांद्याचं चाक, चालण्याचे समांतर बार. बार आणि चाक मी वेल्डिंगवाल्याकडून माप देऊन बनवून घेतले, कंपनीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. दोन ते तीन लाखांत चांगलं क्लिनिक उभं राहतं. आपल्याकडचा पेशंट येताच म्हणतो, मॅडम करंट लावून द्या. करंटनं त्याला बरं वाटतं आणि बसवून ठेवायला सोपं असतं, म्हणून काही ठिकाणी दिवसभर नुसतं मशीनच चालतं. मुलीला सांगा, मशीन दहा मिनिटं, हात अर्धा तास. पेशंट सुरुवातीला कुरकुरतो. गुडघा वळायला लागला की तोच चार माणसं घेऊन येतो.

कॉलेज निवडताना फीच्या खालोखाल एकच गोष्ट बघा, पेशंट आहेत का. संलग्न हॉस्पिटल आहे असं माहितीपत्रकात सगळेच लिहितात. तुम्ही सोमवारी सकाळी अकरा वाजता न सांगता जा आणि फिजिओथेरपीच्या ओपीडीत बाकावर तासभर बसा. टेबलं रिकामी आणि विद्यार्थी मोबाइल बघत उभे असतील तर उठून या. गर्दी असेल, विद्यार्थी पेशंटला धरून चालवत असतील, तर तिथं मुलगी शिकेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला ठरवून दिलेली फी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या संकेतस्थळांवर दिसतात. कॉलेजच्या माणसानं तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. आणि सहा महिन्यांचा, वर्षाचा 'फिजिओ डिप्लोमा' देणाऱ्यांपासून दूर राहा. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा आहे, देशपातळीवरचा आयोगाचा कायदा २०२१ चा. नोंदणी नसलेल्याला पुढं अडचणच आहे.

तुम्ही फक्त बीपीटीएचचं विचारलंत, पण कॅपच्या यादीत तिच्या शेजारी तीन नावं असतील, ती पसंतीतून वगळू नका. बीओटी म्हणजे व्यवसायोपचार. भारतात हे शिक्षण कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू केलं. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा जेवता, कपडे घालता, काम करता यावं, मतिमंद किंवा स्वमग्न मुलाला शाळेत बसता यावं, हे त्याचं काम. गावात नाव कुणाला माहीत नसतं म्हणून पालक टाळतात, त्यामुळं जागा तुलनेनं कमी गुणांत मिळते. लहान मुलांच्या थेरपीला यवतमाळ, अमरावती, अकोल्यासारख्या जिल्ह्याच्या गावी मागणी वेगानं वाढते आहे, पण तालुक्यात नुसत्या बीओटीवर क्लिनिक चालवणं आज कठीण आहे. हे जिल्ह्याच्या ठिकाणी राहायची तयारी असेल तरच.

बीएएसएलपी म्हणजे वाचा आणि श्रवण, चार वर्षांचं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. माझं विचाराल तर पैशाच्या हिशेबानं आज सगळ्यात सरस हेच. ऐकू न येणारी लेकरं, तोतरं बोलणारी, लकव्यानंतर वाचा गेलेली माणसं, म्हातारपणी श्रवणयंत्र लागणारे, आणि करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांची जी केंद्रं आहेत, तिथंही फिजिओथेरपिस्टसोबत याच माणसाची जागा असते. मुंबईत वांद्र्याची अलीयावर जंग संस्था यासाठी देशभर नावाजलेली. बीपीओ म्हणजे कृत्रिम हातपाय आणि आधाराची साधनं, मुंबईच्या हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे. काम मोलाचं, पण वर्कशॉप लागतं, त्यामुळे बहुधा शहरातच राहावं लागतं. या दोन्हींची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडं होत आली आहे. तिचा कायदा १९९२ चा.

परदेशाचं आमिषही तुम्हाला कुणीतरी दाखवेल. जाणारे जातात, पण तिथली परवाना परीक्षा, भाषेची परीक्षा, कागदपत्रांची तपासणी यांत वर्षं आणि लाखो रुपये जातात. तो पैसा मुलीनं स्वतः कमावून लावावा. घरच्या हिशेबात परदेशाचा एक रुपयाही धरू नका.

आणि एक गोष्ट पैशाच्या बाहेरची, पण हिशेबात येणारी. मुलीला हे काम आवडेल का? दिवसभर उभं राहून दुसऱ्याचं वजन पेलायचं असतं. घामानं भिजलेला, रडणारा, कधी चिडून शिव्या देणारा माणूस रोज हाताळायचा असतो. तुमच्या जवळच्या क्लिनिकात तिला आठ दिवस नुसती बसवा. माझ्याकडं पाठवलीत तरी चालेल, पैसे लागणार नाहीत. एमबीबीएस हुकलं म्हणून रडत हे घेतलेल्या मुली तिसऱ्या वर्षापर्यंत ओढत नेतात आणि पुढं बँकेची परीक्षा देत बसतात. मग मात्र सगळा पैसा खरंच वाया जातो. तिला नको असेल किंवा कॅपमध्ये फीमाफीची जागा लागली नाही, तर बीएस्सी नर्सिंगचा विचार करा. त्यात सरकारी भरती जास्त निघते, पहिला पगारही बरा असतो.

राहिला लग्नाचा प्रश्न. बायांच्या कमरा, बाळंतपणानंतरची दुखणी, लघवी न थांबण्याचा त्रास, हे आपल्याकडची बाई पुरुष थेरपिस्टला सांगतच नाही. माझ्याकडं येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणी नवऱ्याला बाहेर बसवून मगच बोलतात. त्यामुळे मुलगी राळेगावात असो, वणीत असो की वाशीमला, तिला काम आहेच. परिषदेची नोंदणी सबंध महाराष्ट्रात चालते. क्लिनिकचं सगळं सामान एका 'छोटा हत्ती' टेम्पोत मावतं. नव्या गावात जम बसायला पुन्हा वर्षभर जातं, तेवढी झळ धरून चाला. सोयरीक जमवताना तिकडच्यांना एवढं स्पष्ट सांगा की ती काम करणार आहे, आणि त्यात पेशंटच्या घरी जाणंही आलं, कधी दिवस मावळल्यावरही. मशीनं तिच्या नावानं घ्या, बिलं तिच्या नावाची ठेवा, क्लिनिकचं बँक खातंही तिचंच असू द्या. पुढं क्लिनिकसाठी मुद्रा कर्ज काढायचं झालं तर बँक तेच कागद आणि तेच खातं बघते.